वेनिंगची खोली

योग्यकार्तातल्या माझ्या घराची वरची खोली वेनिंगनं एम.ए.साठी घेतली. सोमवारी तिचा पहिला तास होता. गावातून इतकं शिकणारी ती पहिलीच. शिष्यवृत्ती, ग्रंथालय, नव्या वह्या, सगळं ती एका दमात सांगत होती.

आमच्याकडे कुणाच्याही दाराशी "कुलोनुवुन", म्हणजे 'येऊ का', असं विचारून उत्तराची वाट बघतात. पहिलीच्या मुलांना मी आधी तेच शिकवायचे. वेनिंग तर स्वतःच्या दाराशीही विचारायची.

"अगं, रिकाम्या खोलीला कसली परवानगी मागतेस?" मी हसले.

"आईनं सवय लावलीय, बाई. उत्तर आलंच तर चहा पाजीन!"

पुस्तकांचं शेवटचं खोकं घेऊन आम्ही वर आलो. दाराला तिनंच घातलेलं कुलूप होतं. "कुलोनुवुन!" म्हणत ती किल्ली लावायला वाकली.

"थांब ना, पुस्तकं लावतेय," आतून उत्तर आलं. आवाज वेनिंगचाच होता, तितकाच आनंदी.

वेनिंगनं माझा हात घट्ट धरला. "बाई, खोली माझीच आहे ना?"

आत पावलं दाराजवळ आली.

"बाई," तोच आवाज लाडानं म्हणाला, "तिला सांगा ना, ही खोली मी घेतलीय."