गळती

सायबेरियातल्या याकुतियाच्या कायम गोठलेल्या जमिनीखाली कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड कोंडायच्या कामाचं उद्घाटन होतं. वायू गळला तर माणसं-जनावरं गुदमरतील म्हणून गावाचा विरोध होता. त्यात सगळ्यात पुढे होता घोडे पाळणारा म्हातारा बायबाल, म्हणजे त्याच कामावरची इंजिनिअर कुन्नेय हिचा बापच.

राजधानीचे पाहुणे आले, पंप सुरू झाला आणि थोड्याच वेळात दाब उतरू लागला. गोठलेल्या थरातल्या एका भेगेतून वायू वर येत होता. कुन्नेयने सगळ्यांसमोर पंप बंद केला.

"पाहुणे जाईपर्यंत तरी चालू ठेव," तिचे वरिष्ठ साहेब दातओठ खात म्हणाले.

"नाही."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. वर आमचे घोडे चरतात."

पाहुणे हेलिकॉप्टरने परतले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बायबाल, जिंकलास रे! पोरीचं काम फसलं!"

बायबाल मात्र गर्दीतून वाट काढत साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"हिला काढू नका. भेग बुजवा, पुन्हा सुरू करा. आता माझा विरोध नाही."

"आता? गळती झाल्यावर?"

"गळती झाली तर पंप बंद करायची हिंमत कुणात आहे, एवढंच मला बघायचं होतं," म्हातारा कुन्नेयकडे बघत म्हणाला. "ती माझ्याच पोरीत निघाली."