असे मत मांडण्यात आले

अपेंडिक्स फुटून मुलगा गेला. चौकशीचा अहवाल ज्युनिअर डॉक्टरने इंग्रजीत लिहिला आणि मोठ्या डॉक्टरांनी त्यातल्या एकूण एक माणसावर काट मारली.

"कोण म्हणालं, कुणाला वाटलं, हे कशाला? 'असे मत मांडण्यात आले', 'असे मानले गेले' असं लिही. भारदस्त दिसतं, आणि उद्या कुणाच्या अंगाशीही येत नाही."

"बरं, सर."

पुढच्या आठवड्यात मुलाची आई आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ज्युनिअरने शब्दाला शब्द ठेवून वाचून दाखवलं. "तातडीने शस्त्रक्रिया करावी, असे मत मांडण्यात आले होते. तथापि, थांबून पाहणे योग्य असल्याचे मानले गेले."

बाईने डोळे पुसले.

"म्हणजे माझ्या पोरासाठी इथलं कुणीतरी भांडलं तर! मला वाटलं, मी एकटीच ओरडतेय. कोण हो ते डॉक्टर? एकदा हात जोडीन म्हणते त्यांना."

ज्युनिअरने अहवाल मिटला.



त्या दिवशी वॉर्डात 'ऑपरेशन करा' असं या आईशिवाय कुणीच म्हणालं नव्हतं.