प्रतीचा होकार

निवृत्त न्यायमूर्ती शालिनी बर्वे यांच्यापुढे अहवाल तयारच होता. खरं तर तो त्यांनी लिहायचा होता. देशभरातले फोन ऐकणाऱ्या सरकारी खात्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. सवयीप्रमाणे त्यांनी तो मोठ्यानं वाचला. शब्द न् शब्द त्यांचाच वाटत होता. शेवटची ओळ होती, ‘खात्याचा कारभार कायदेशीर आहे.’

"हे कोणी लिहिलं?"

"तुमच्याच प्रतीनं, मॅडम," खात्याचे संचालक घारपुरे म्हणाले. "तुमचे फोन ऐकून यंत्रानं ती घडवली. अगदी तुमच्यासारखाच विचार करते. आता फक्त सही राहिलीय."

"आणि ती मुकाट्यानं कबूल झाली?"

"छे! सारखी नाहीच म्हणत होती. मग आम्ही निनादचा विषय काढला."

बर्वेबाईंचं पेन थबकलं. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाच्या गाडीनं एकाला उडवलं होतं, आणि निनाद न थांबता निघून आला होता. रडत रडत त्यानं ते फक्त आईला सांगितलं होतं. फोनवर.

"त्यावर प्रत लगेच तयार झाली," घारपुरे हसले. "तुम्हीही व्हाल."

बाईंनी शेवटची ओळ खोडली आणि ‘बेकायदेशीर’ लिहिलं.

घारपुरे ताडकन उठले. "मॅडम, मुलाचा तरी विचार करा!"

"काल जेवताना केला. दोघांनी, समोरासमोर बसून. तुमच्या प्रतीला ते कुठून कळणार?" सही करून त्या उठल्या. "निनाद आत्ता पोलीस ठाण्यात जबाब देतोय. मला तिकडे पोचायचंय."