दगडाची पारख

"पूर्ण तपासा," एवढंच बोलून बाईंनी दगड टेबलावर ठेवला आणि त्या भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसल्या.

पारख्याने दगड जवळ ओढला. बोगदा कोसळून त्यांचा नवरा गाडला गेला, त्याला आज नववा दिवस. अकरा वर्षं तो माणूस टेकडी पोखरत होता आणि दर दोन-तीन महिन्यांनी रुमालात दगड बांधून या खोलीत येत होता. पारखी दगड खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासायचा. सोन्याची रेघ पिवळी येते; ही दर वेळी काळी उमटायची. म्हणजे नुसतीच चमक, आत लोखंड आणि गंधक. मग दोघं चहा प्यायचे आणि "बघू पुढच्या खेपेला" म्हणत तो दगड पुन्हा रुमालात बांधून निघायचा. सगळा गाव त्याला हसायचा. पारखी कधी हसला नाही. त्या वेड्या माणसावर त्याचा जीव होता.

त्याने दगड घासला. रेघ काळीच. निदान शेवटचा तरी खरा निघायचा होता, त्याला वाटलं. मेलेल्या माणसाची लाज राहिली असती.

एरवी तो इथेच थांबायचा. पण बाईंकडे बघून तेवढ्यावरच नाही म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. दगड खलबत्त्यात कुटून त्याने पिठासारखी पूड केली. काचेच्या भांड्यात तेजाब ओतलं, भांडं मंद आचेवर ठेवलं, खिडकी उघडली. तांबूस वाफा निघत राहिल्या. तासाभराने सगळी चमक विरघळून गेली. तळाचा गाळ त्याने बशीत घेऊन धुतला. पाणी हलवलं की वाळू पुढे सरकत होती, आणि मागे एक बारीक पिवळी कड जागची हलत नव्हती. त्याने सुईच्या टोकाने ती दाबली. फुटली नाही, चपटी झाली.

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"वहिनी, सोनं आहे. चांगलं आहे," तो म्हणाला. "अकरा वर्षांनी का होईना, खरा ठरला तो. शेवटचा दगड सोन्याचा काढून गेला."

बाई उठून टेबलापाशी आल्या. बशीत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"शेवटचा नाही, भाऊ. हा पहिला. पहिला म्हणून मी जपून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणून ती जागा बुजवून त्यांनी पलीकडे खणायला घेतलं."