सात नंबरची गाय

"पुढची कोण?" सर खुर्चीतूनच ओरडले.

सकाळपासून गोठ्यात उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून मी लोखंडी दांड्यांच्या खोड्यात बांधलेल्या सात नंबरच्या गायीत हात घातला. गाभण तपासायला आमचं अख्खं व्हेटर्नरी कॉलेज हिच्यावरच शिकतं. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा ती लाथा झाडायची. आता शेपूटही हलवत नाही, दांडीवर मान टाकून नुसती उभी असते.

मी नीट चाचपलं. गर्भाशय रिकामं होतं, माझ्या आधीच्या अकरा जणांनी सांगितलं तसंच.

"काय लागतंय?"

"गाभण आहे, सर."

मागून हशा पिकला. सर वैतागून उठले आणि त्यांनी स्वतः हात घातला. दांडी घासून गायीच्या मानेवरचे केस गेले होते, तिकडेच ते बघत राहिले.

"गाभणच आहे. सोडा हिला, आता हिच्यावर सराव नको," ते शिपायाला म्हणाले.

नळावर हात धुताना मात्र माझ्याशेजारी येऊन हळूच बोलले, "परीक्षेत खरं सांगायचं."