पुसण्याची उष्णता

पाटीवर वीस नावं होती आणि हातातली चिठ्ठी म्हणत होती, आजपासून कामावर एकोणीसच बाया घ्या. बन्सी मुकादम ओलं फडकं धरून नुसता उभा राहिला.

रोज सकाळी नावं लिहायची, संध्याकाळी पुसायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. लिहिताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं, पुसायचा मात्र आताशा वीट आला होता. घिवली गावाच्या अंगाला अणुभट्टीची भिंत हातभर वर गेली की इथलं कुणीतरी कमी व्हायचं.

चिठ्ठीवर सही कृष्णकांत साहेबांची. तरुण इंजिनियर, तिथंच जीपची वाट बघत उभा. माणूस वाईट नव्हता. वाचलेलं सांगायची हौस दांडगी, एवढंच.

"बन्सी, अमेरिकेत एकानं दाखवून दिलंय. गणकयंत्र चांगलं असलं तर आकडे लिहिणं जवळजवळ फुकटात होतं. पण पुसायचं म्हटलं की थोडी उष्णता बाहेर पडतेच. यंत्र कितीही सुधारा, त्या हद्दीखाली जाता येत नाही."

"किती पडती?"

"अगदी नगण्य. हाताला कळायचीसुद्धा नाही."

बन्सीनं फडकं पुढं केलं. "मग आज तुमीच पुसा, साहेब."

साहेब हसले. बन्सी हसला नाही, तेव्हा त्यांनी फडकं घेतलं. "सगळ्यात हळू कोण?"

"शेवटची ओळ. बुधी. दर खेपंला मधीच बसती." बन्सीचा आवाज खाली गेला. "सून बाळंतीण हाय. घरात कामाला येणारी ही एकटीच."

बाया चिंचेखाली पदर लपेटून बसल्या होत्या. पौषातला गारठा होता. वाचता त्यांतल्या एकीलाही येत नव्हतं.

साहेबांनी फडकं शेवटच्या ओळीवर ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. बन्सीला त्यांची कीव आली आणि आपण हे मुद्दाम केलं याची लाजही वाटली. अखेर त्यांनी हात ओढला, नाव पुसलं. फडकं परत द्यायचं विसरून ते तिथंच उभे राहिले. कपाळावर घाम डवरला होता.

बायांतली एक म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली. तिनं आपलं घमेलं साहेबांपुढं पालथं घातलं.

"बस सायेब," बुधी म्हणाली. "मला एवढ्यात नाय लागत."