हरणांसाठी धूळपेरणी

आर्विडने ओढ्यावरून आणलेली बादली वावरात ओतली आणि माती ती घटाघट प्यायली. दुसरी ओतेपर्यंत पहिलीची ओलसुद्धा दिसेनाशी झाली होती. सप्टेंबर लागला होता. विस्कॉन्सिनच्या त्या टेकाडांत जुलैनंतर पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. लोकांचा मका पानं गुंडाळून उभा होता, आणि हा म्हातारा रानाच्या कडेच्या तुकड्यात, शिकारीच्या दिवसांत हरणं चरायला यावीत म्हणून, ओट आणि सलगम पेरून बसला होता. तीही धूळपेरणी, पावसाआधी कोरड्या मातीत. पहिलं बी रानातल्या टर्की पक्ष्यांनी वेचून खाल्लं, म्हणून ही दुबार.

"हरणांना जेवणाआधी पाणी वाढतोयस वाटतं?" कुंपणाशी गाडी थांबवून शेजारच्या मर्लने विचारलं.

"बी जगायला नको का?"

"बी जगेल रे. पण खायला येणार कोण? रोज दोन-दोन फेऱ्या मारतोस. काडीकाडीला तुझा वास लागलाय. बी टाकलं की शिकारीच्या दिवसापर्यंत तिकडे पाय ठेवायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

मर्लला हे शिकवलं होतं आर्विडनेच. तो रिकामी बादली झटकत राहिला.

"आणि तो डबा कसला लटकवलायस?" मर्लने ओकच्या झाडाकडे हनुवटी उडवली.

"कॅमेरा आहे. ट्रॉयने पाठवलाय. समोर काही हललं की फोटो निघतो, आणि तिकडे टेक्सासात त्याच्या फोनवर जातो."

"येतोय का पोरगा यंदा?"

"हरणं दिसली तर रजा टाकतो म्हणालाय. गेल्या वर्षी रिकामं रान बघून परत गेला."

"मग गप घरी बस की, माझ्या राजा," मर्ल म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

आर्विडला ते कळत नव्हतं असं नाही. पण पहिल्यांदा पाणी घेऊन आला, त्या दिवशी बादल्या खाली ठेवतो न ठेवतो तोच खिशातला फोन वाजला होता. एरवी महिनामहिना न वाजणारा फोन. "बाबा, एवढं ओझं कशाला उचलता? पडाल ना कुठेतरी!" त्याच्यावर असं कुणी रागावल्याला कितीतरी दिवस झाले होते. ट्रॉयने फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ तसाच कानाला लावून उभा होता. मग एक-दोन दिवसांआड फोन येऊ लागला. दर वेळी काहीतरी तक्रार असायची. टोपी का नाही घातली, भर उन्हात कशाला आलात. आणि आर्विड रोज येऊ लागला. ओढ्याकडून जवळची वाट होती, तरी तो ओकच्या समोरूनच जायचा, आणि सावकाश जायचा.

त्या दुपारीही फोन आला.

"बाबा, हरीण एक नाही. सगळ्या फोटोंत नुसते तुम्हीच."

"पाणी घालायला नको?"

"कळतंय हो. पण एकदा पाऊस झाला की तिकडे फिरकायचं नाही. कबूल? हरणं येऊ देत, की मी लगेच रजा टाकतो."

"कबूल," आर्विड म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. घरी जाऊन त्याने ट्रॉयचं शिकारीचं नारिंगी जाकीट कपाटातून काढून उन्हात टाकलं.

दोनच दिवसांनी पाऊस आला. पागोळ्या रात्रभर गळत होत्या. सकाळी आर्विड कॉफीचा कप घेऊन ओसरीवर बसला. मागितलं ते सगळं मिळालं होतं, आता तुकड्यात त्याचं काहीच काम नव्हतं. तो दिवस त्याने घरातच काढला, त्यानंतरचेही काढले. फोन टेबलावर पडून होता. चार्जिंग संपलं की काय म्हणून त्याने तो मधूनमधून उचलून पाहिला.

पुढच्या आठवड्यात वावर हिरवं दिसू लागलं. एका सकाळी त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली तर तुकड्यात एक मादी उभी, तिच्यामागे पाडस. दोघं कोवळे ओट खात होती. म्हणजे फोटो गेले असणार. ट्रॉयने पाहिले असणार, खूश झाला असणार. आर्विड दुपारपर्यंत फोनपाशी बसला. ट्रॉयला रागावण्यासारखं काही उरलं नव्हतं, मग तो फोन तरी कशाला करेल?

दुपारी आर्विड उठला आणि बादली घेऊन ओढ्यावर गेला.

तो तुकड्यात शिरला तेव्हा मादीने मान वर केली, शेपटीचा पांढरा झुपका उभारला आणि पाडसाला घेऊन झाडीत नाहीशी झाली. ती आता या बाजूला लवकर येणार नाही, हे आर्विडइतकं कुणाला ठाऊक असणार? तो ओकसमोर आला आणि चिखल झालेल्या मातीत बादली ओतली. पाणी जिरेना, त्याच्या बुटांवरून वाहू लागलं.

फोन वाजला.

"बाबा! अहो, हे काय चाललंय? तिकडे पाऊस झाला ना?"

"झाला की. चांगला झाला."

"मग पाणी कसलं घालताय? आत्ता कुठे हरणं यायला लागली होती. असं करणार असाल तर मी रजा टाकून उपयोग काय?"

"नको टाकूस," आर्विड म्हणाला. "पण आता फोन केलाच आहेस, तर बोल जरा."

त्याने बादली पालथी घातली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून तिच्यावर बसला.